चौगुले, चौगला आणि न्यूयॉर्कचा अर्ज

परदेशात जाऊन अर्थशास्त्र आणि पत्रकारिता एकत्र शिकायचं डोक्यात असेल, तर आधी आपली डिग्री काढा आणि त्यावरचं आडनाव वाचा. बाकीचं नंतर. माझी डिग्री आईनं फ्रेम करून टीव्हीच्या वर लावली होती. चार वर्षं घरात येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा ती बघून गेला, पण चौगुलेचं 'चौगला' झालंय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. सहाही सेमिस्टरच्या मार्क्सकार्डांवर तेच. एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे दहावीच्या, कार्डावर आणि पासपोर्टवर मात्र चौगुले.

कन्नड मुलखात हे आडनाव चौगला असंच लिहितात, त्यामुळं लिहिणाऱ्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंही नसेल. निपाणीकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी मुलखातल्या, माणसानं त्याबद्दल फार रागवू नये. राग पुढच्या गोष्टीचा आहे.

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या पत्रकारिता विभागात 'बिझनेस अँड इकॉनॉमिक रिपोर्टिंग' नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बातमीदारी पत्रकारिता विभागात शिकायची आणि हिशेबाचे विषय त्यांच्याच स्टर्न बिझनेस स्कूलमध्ये. मला हेच हवं होतं. एका मराठी दैनिकासाठी मी तालुक्याच्या बातम्या पाठवायचे. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला गेलं की दारातच अहवालाचं पुस्तक हातात मिळतं. आम्ही सगळे बातमीदार अध्यक्षांच्या फोटोपर्यंत यायचो, भाषण टिपून घ्यायचो आणि जेवायला जायचो. मागच्या पानांवर ताळेबंद असतो. तो वाचता येत नाही याची लाज मला एकदा एका म्हाताऱ्या सभासदानं आणली. "पोरी, ह्यात आमची थकलेली बिलं कुठं दाखवल्यात?" त्यांनी विचारलं, आणि मला सांगता आलं नाही.

अर्जाची शेवटची तारीख जानेवारीच्या सुरुवातीला होती. मी ऑगस्टपासून लागले. उद्देशपत्र (हेच का शिकायचंय ते सांगणारं), लेखनाचे नमुने, शिफारसपत्रं हे सगळं रडतखडत का होईना, झालं. ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे विद्यापीठानं मोहोरबंद पाकिटात द्यायच्या गुणांच्या उताऱ्याला, हात घातला आणि तिथंच अडकले.

माझ्या डिग्रीच्या विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. ज्यांचं तेच आहे त्यांना कळेल. आमच्या गावातनं दोन बस बदलून जावं लागतं. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं बायकांना झिरो तिकीट, एवढंच सुख. (आधारवर पत्ता कर्नाटकाचा लागतो. कोल्हापूरला रूमवर राहून तिथला पत्ता घातलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला पूर्ण तिकीट.) पहिल्या खेपेला खिडकीवरच्या केस वर्करनी (कारकुनांनी) पासपोर्ट आणि डिग्री शेजारी शेजारी ठेवली, मान हलवली आणि म्हणाले, नाव वेगळं आहे, ट्रान्सक्रिप्ट देता येणार नाही, आधी नाव बदलून घ्या. अर्ज कन्नडमध्ये.

माझी शाळा मराठी माध्यमाची. कन्नड विषय होता, बोलता येतं, पण सरकारी अर्जाची कन्नड वेगळीच. कसाबसा अर्ज लिहिला. दुसऱ्या खेपेला तो घेतला आणि यादी हातात दिली. नोटरीचं अफिडेव्हिट, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, राजपत्रात नाव छापून आल्याचा पुरावा. राजपत्र! माझं आडनाव आजोबांच्या सातबाऱ्यापासून चौगुले आहे. मी बदललं काय?

तिसऱ्या खेपेला "नाळे बर्री". चौथ्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये. "नाळे बर्री". उद्या या म्हणणाऱ्याला माझा उद्या म्हणजे पहाटे पाचची बस आणि रात्री नऊला घर, हे माहीत नसतं. माहीत असलं तरी काय फरक पडला असता म्हणा. त्या दिवशी मी जिन्यावर बसून रडले. हे लिहायला नको होतं, पण तेही प्रक्रियेतच येतं.

सुटका झाली ती गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथल्या अक्कांनी माझा अर्ज कॉपी काढता काढता वाचला आणि हसल्या. मी 'हेसरू बदलावणे' लिहिलं होतं, म्हणजे नावात बदल. मला हवी होती 'तिद्दुपडी', म्हणजे दुरुस्ती. त्या एका शब्दानं माझी फाईल भलत्याच गठ्ठ्यात गेली होती. लग्नानंतर किंवा हौसेनं नाव बदलणाऱ्यांच्या गठ्ठ्यात! दुरुस्तीला राजपत्र लागत नाही. दहावीचं मार्क्सकार्ड, अफिडेव्हिट आणि कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, बस. अक्कांनी पन्नास रुपयांत नवा अर्ज सुंदर अक्षरात लिहून दिला. खिडकीच्या आतल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायचा पगार त्यांना मिळत नाही.

पाचव्या खेपेला अर्ज घेतला. सात कागद, सात चलनं. सहाव्या खेपेला एक चलन गहाळ. सातव्या खेपेला नवी कार्डं हातात पडली, तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता.

आता सगळ्यात चिडायची गोष्ट. न्यूयॉर्कला अर्ज करताना मूळ ट्रान्सक्रिप्ट लागतच नाही. मार्क्सकार्डांचे स्पष्ट स्कॅन चालतात. मोहोरबंद पाकीट प्रवेश मिळाल्यावर. त्यांच्या सूचनांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे आणि मी ते डिसेंबरात वाचलं. म्हणजे दुरुस्ती करावी लागणारच होती, पण जिन्यावर रडायची घाई नव्हती.

उद्देशपत्राबद्दल विचारतात म्हणून सांगते. मी आधी "जागतिक अर्थव्यवस्था" वगैरे लिहिलं होतं, ते फाडलं. मग १९८१च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनापासून सुरुवात केली. शरद जोशींच्या हाकेवर शेतकरी महामार्गावर बसले, पुढं गोळीबार झाला. माझे आप्पा, म्हणजे वडील, तेव्हा शाळकरी पोर होते, भाकरीचं गाठोडं घेऊन जायचे. तंबाखूचा दर कोण ठरवतं हा तेव्हाचा प्रश्न, उसाचा दर कोण ठरवतं हा आजचा. नमुना म्हणून ऊसदरावरचा लेख दिला. २०२४-२५च्या हंगामाला केंद्राची एफ.आर.पी., म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४०० रुपये. त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात किती उरतं, हे चार शेतकऱ्यांच्या बिलांवरनं मांडलं. मराठी लेखाचं इंग्रजी मीच केलं. 'उचल' (बिलाचा पहिला हप्ता) आणि 'काटामारी' (वजनात मारणं) या शब्दांपाशी दोन रात्री गेल्या.

टोफेल ही इंग्रजीची परीक्षा घरूनही देता येते. आमच्याकडची वीज बघून मी पुण्याला मावशीकडं जाऊन सेंटरवर दिली. शिफारसपत्रासाठी सरांना दोन महिने आधी सांगा, आणि त्यांचा ईमेल चालू आहे का ते स्वतः बघा. माझ्या एका सरांचा पासवर्ड त्यांच्या मुलाकडं होता आणि मुलगा बेंगळुरात. एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नका. लंडनच्या सिटी विद्यापीठाचं (आता सिटी सेंट जॉर्जेस) फायनान्शियल जर्नालिझम आणि बीजिंगच्या त्सिंगुआ विद्यापीठाचा इंग्रजीतला ग्लोबल बिझनेस जर्नालिझम हेही मी पाहिले होते.

मार्चमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. पैशाचं काय केलं ते वेगळं लिहावं लागेल. पत्र आलं तेव्हा आप्पा शेतात होते. मी ओरडत बांधावर गेले, तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "नाव बरोबर लिवलंय का?"

ट्रान्सक्रिप्टची पाकिटं मागताना दोन मागू नका, सहा मागा. प्रत्येक पाकिटाला पैसे पडतात, पण आठव्या खेपेपेक्षा स्वस्त. झेरॉक्सवाल्या अक्कांचं दुकान गेटच्या डाव्या हाताला, उसाच्या रसाच्या गाड्यामागं आहे. दुपारी दोन ते तीन जेवायला बंद असतं.