यकृतातल्या गाठी आणि राहून गेलेली टीएसएच

बाळाच्या अंगावर पाच किंवा जास्त लालभडक, उंचावलेले हिमॅन्जिओमाचे (रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठींचे) डाग दिसले की पोटाची सोनोग्राफी करतात. आमच्या मुलीची केली, तर यकृतभर तशाच गाठी. निदान, इको (हृदयाची सोनोग्राफी), प्रोप्रानोलॉल (गाठी आक्रसवणारं औषध) सगळं भराभर झालं. अडलं ते थायरॉइडपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

थायरॉइड पुन्हा तपासा म्हटलं की दर वेळी उत्तर एकच: जन्मानंतरची टीएसएच (थायरॉइड नीट चालतंय का हे सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल आहे, परत कशाला? अहो, ती पहिल्या काही दिवसांतली. या गाठी त्यानंतरच्या आठवड्यांत फोफावतात. त्यांच्या पेशी टाइप ३ डीआयोडिनेज हे एन्झाइम बनवतात. ते टी४ आणि टी३ ही थायरॉइडची दोन्ही हार्मोन्स मोडून निकामी करतं. थायरॉइड ग्रंथी धडधाकट असली तरी गळक्या टाकीसारखी गत, कितीही भरा, रक्तात काही टिकत नाही. म्हणूनच अशा बाळांना लिव्होथायरॉक्सिनचा (थायरॉइड हार्मोनच्या औषधाचा) नेहमीचा डोस बऱ्याचदा पुरत नाही. मेंदू घडण्याचे हेच महिने, इथे वाट बघत बसणं मला मान्य नाही. गाठी बऱ्याच असतील किंवा यकृत व्यापलं असेल, तर टीएसएच, फ्री टी४ आणि टी३ लिहूनच मागा. ‘कन्झम्प्टिव्ह हायपोथायरॉइडिझम’ची (गाठींनी हार्मोन संपवल्याने होणाऱ्या कमतरतेची) शंका आहे असं स्पष्ट म्हणा, बालहार्मोनतज्ज्ञांचं मत मागा. गाठी वाढताहेत तोवर तपासणी पुन्हा पुन्हा हवी. त्या आक्रसू लागल्या की उलट होतं: लिव्होथायरॉक्सिनचा तोच डोस जास्त पडतो, कमी करावा लागतो.

हिमॅन्जिओमावर प्रोप्रानोलॉलचा उपयोग २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी मांडला. सुरुवात सहसा दिवसाला किलोमागे १ मि.ग्रॅ., मग २, क्वचित ३, दोन-तीन वेळांत विभागून. पहिल्या डोसनंतर आणि डोस वाढवल्यावर दोन तास नाडी आणि रक्तदाब बघतात. तयार द्रावण नसेल, तर १० मि.ग्रॅ.ची गोळी किती पाण्यात आणि त्यातलं किती मिली, हे फार्मसीकडून लिहून घ्या. चुरा तळाशी बसतो, सिरींज भरण्याआधी दर वेळी ढवळा. लाँग-ॲक्टिंग कॅप्सूल फोडून देऊ नका. वजन वाढलं की डोस नव्याने काढायला सांगा.

औषध दुधाबरोबर किंवा दूध पाजल्यावर लगेचच. बाळ पीत नसेल, उलट्या असतील, तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा, कारण साखर घसरते. घाम, थरथर, उठवूनही न उठणं दिसलं तर थेट इमर्जन्सी.

अल्फा फीटोप्रोटीनच्या (यकृताच्या कॅन्सरच्या शंकेसाठी करतात त्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली असते. नवजात बाळात तो आकडा हजारोंच्या घरात असणं स्वाभाविक आहे. वयानुसारचा तक्ता लावून वाचायला सांगा.

आणि जन्मतःच पूर्ण वाढलेली एकच मोठी गाठ असेल, तर हा वेगळा प्रकार. ती बहुधा पहिल्या वर्षभरात आपोआप विरते. तिथे प्रोप्रानोलॉलचा फारसा उपयोग नसतो, हृदयावर ताण येतोय का तेवढं इकोने बघत राहायचं.