तुम्ही विचारलंत म्हणून: आईबापांना ‘माहीत नाही’ असं का सांगतो?

“तुम्हालाच खात्री नसेल तर आईबापांना तसं सांगता कशाला? त्यांचा धीर सुटत नाही का?” पेशंटचे नातेवाईक हे विचारतात, वॉर्डात नव्याने आलेले निवासी डॉक्टरही विचारतात. लहान मुलांच्या कॅन्सरवर उपचार करणं हे माझं काम. पूर्वी मीही खात्रीनेच बोलायचो.

नऊ वर्षांचा एक मुलगा होता. ब्लड कॅन्सर उपचारांनंतर परत आला आणि दुसऱ्या खेपेच्या केमोला दाद देईना. वडील ऊसतोडीला जाणारे. “किती दिवस?” त्यांनी विचारलं. “महिना, फार तर दीड,” मी म्हणालो. उचल अंगावर असताना त्यांनी टोळी सोडली, पोराला शाळेतून काढलं. तो घरी, गोळ्यांवर, सात महिने जगला. त्यातले चार तर चांगले हिंडण्या-फिरण्याचे होते. पाचव्या महिन्यात वडील म्हणाले, “साहेब, तुम्ही महिना म्हणालात म्हणून शाळेतनं काढला त्याला. रोज दप्तर उघडून बसतो.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणाऱ्या ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरात, पहिल्या महिन्याच्या केमोनंतर आम्ही बोनमॅरो, म्हणजे हाडांतला मगज, तपासतो. दहा हजार पेशींत एक कॅन्सरची पेशी उरली असली तरी सापडते, इतकी ती तपासणी बारीक. तरीही रिपोर्ट स्वच्छ आलेल्या काही मुलांत आजार उलटतो, आणि वाईट आलेली काही मुलं पुढे कॉलेजात जातात. श्रीमंत देशांत शंभरातली नव्वदच्या आसपास मुलं बरी होतात. समोरचं पोर त्या नव्वदातलं का, हे रिपोर्टात लिहिलेलं नसतं.

म्हणून उपचारांना दाद न देणाऱ्या मुलाच्या आईबापांना आता सांगतो, “नेमकं किती ते मला माहीत नाही. महिन्यांत मोजावं लागेल असं वाटतं, वर्षांत नाही. दर आठवड्याला बघू. जमेल तितके दिवस शाळेत जाऊ द्या.” जे माहीत आहे तेही लगेच सांगतो. दुखणं बहुतेक वेळा आटोक्यात ठेवता येतं, वजनाप्रमाणे मॉर्फिन देता येतं. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याच्या धाकाने ते अनेक ठिकाणी मिळेनासं झालं होतं. २०१४च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी औषध ठेवायला लोक अजून बिचकतात. या बाबतीत मात्र मी अजिबात मोघम बोलत नाही.

धीर सुटतो का? काहींचा सुटतो. एक आई माझं बोलणं अर्ध्यावर टाकून उठून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. “काल तुम्ही माहीत नाही म्हणालात. मग आज मी काय करू?”

“त्याला काय खावंसं वाटतंय?”

“भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागतोय.”

“द्या की. तोंड आलंय त्याचं, तिखट तेवढं कमी घाला.”