काबूल आणि ओटावा: आकडे शेजारी ठेवताना

२०२१च्या जनगणनेनुसार ओटावातल्या कुटुंबाचं मध्यक उत्पन्न (निम्मी कुटुंबं याच्या वर, निम्मी खाली) वर्षाला सुमारे १ लाख २ हजार कॅनेडियन डॉलर. अफगाणिस्तानचा दरडोई जीडीपी ४०० अमेरिकी डॉलरच्या आसपास. यांचा थेट भागाकार करू नका. एक आकडा घराचा, दुसरा माणशी, चलनंही वेगळी. आधी एकक जुळवा, मग स्थानिक किमतींचा हिशेब धरा. शिवाय अफगाणिस्तानची शेवटची जनगणना १९७९ची, तीही अर्धवट. म्हणजे तिथली लोकसंख्याही अंदाजानेच धरायची.

खरा फरक पैसा येतो कुठून यात आहे. ओटावात सर्वांत जास्त नोकऱ्या देणारं केंद्र सरकार, म्हणजे पगार ठरल्या तारखेला. काबूलमध्ये २०२१पर्यंत सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीवर चालायचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तालिबान सत्तेवर आल्यावर ती मदत आटली, मध्यवर्ती बँकेची गंगाजळी गोठली, आणि बँकांसमोर रांगा लागल्या. त्यात मुलींचं माध्यमिक शिक्षण बंद; हे नुकसान कुठल्याच सरासरीत दिसत नाही.

ओटावात गरिबी नाही असं मात्र समजू नका. करपूर्व उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त भाडं गेलं की कॅनडात ते घर परवडत नाही असं मानतात. नव्याने आलेलं निर्वासित कुटुंब बहुतेकदा या भाड्यापाशीच अडकतं.