सोडियम १११

रात्री साडेनऊच्या सुमारास कॅज्युअल्टीतून आलेल्या त्या ट्यूबमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती. सिरम, म्हणजे पेशी वेगळ्या केल्यावर वर राहणारा द्रव, स्वच्छ, फिकट पिवळं. मशीनने मात्र सोडियम १११ आणि पोटॅशियम २.९ दिलं. रक्तात सोडियम हवं १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर. १२०च्या खाली गेलं की आमच्याकडे आधी फोन, मग रिपोर्ट.

असा आकडा आला की लॅबमध्ये पहिला संशय सॅम्पलवर घ्यायचा, पेशंटवर नंतर. इलेक्ट्रोलाइट्सइतक्या, म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारख्या क्षारांइतक्या, सहज फसवणाऱ्या तपासण्या थोड्याच. रक्त ओढताना पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या न करता ट्यूब रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तरी वाढतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त कुणी प्लेन ट्यूबमध्ये ओतलं, तर पोटॅशियम अफाट चढतं आणि कॅल्शियम तळाला जातं, कारण त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं पोटॅशियमचंच ईडीटीए असतं. असं ओतणारे महाभाग आहेत, आणि विचारलं की कुणीच ओतलेलं नसतं. त्याहून लाडका प्रकार म्हणजे ज्या हाताला सलाईन चालू आहे, त्याच हातातून रक्त काढणं.

त्यामुळे फोनवर रेसिडेंट डॉक्टर जे म्हणाले त्याचं नवल वाटलं नाही. "ड्रिपचं सॅम्पल असेल हो, डेक्स्ट्रोज चालू आहे त्यांना. रद्द करा, दुसरं पाठवतो."

मी म्हटलं, "सर, साखर १०८ आहे."

पलीकडे जरा शांतता. हिशेब सोपा आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५,००० मिलिग्रॅम साखर. भेसळीमुळे सोडियम १४०चं १११ व्हायचं, तर ट्यूबमधला पाचवा हिस्सा ड्रिपचा हवा, आणि मग साखर हजाराच्या वर निघायला हवी. १०८ निघते म्हणजे ड्रिप निर्दोष. खरोखरच साखर खूप वाढलेल्या पेशंटमध्येही सोडियम कमी दिसतं, तीही शक्यता त्याच आकड्याने निकालात निघाली. उरली चरबी. सिरम दुधाळ असेल तर आमचं मोठं मशीन फसतं, कारण ते मोजण्याआधी सिरम पातळ करतं. हे सिरम आरपार दिसत होतं, तरी पातळ न करता मोजणाऱ्या छोट्या मशीनवर लावलं. ११२. क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर मोजतं का याची तपासणी, सकाळी व्यवस्थित होती. आकडा खरा होता.

रेसिडेंट स्वतः खाली आले. असे फार थोडे येतात. बहुतेकांना लॅब म्हणजे रिपोर्ट उशिरा देणारं खातं वाटतं. त्यांच्याकडून हकीकत कळली. साठीच्या बाई, ब्लडप्रेशर, त्यासाठी रोज थायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. मीठ कमी केलेलं. दोन दिवस जुलाब. घरच्यांनी पाणी पाजायचा सपाटा लावला. थकवा वाढला की आणखी पाणी, मळमळलं की आणखी पाणी. ओआरएसची पाकिटं घरात होती, पण वर मीठ लिहिलेलं, आणि यांना तर मीठ वर्ज्य, म्हणून ती तशीच राहिली. संध्याकाळी बाई असंबद्ध बोलायला लागल्या. माझ्याकडे आलेल्या फॉर्मवर निदान होतं 'डिहायड्रेशन'.

ते निदान चूक नव्हतं, आणि तिथेच मी अजून अडकते. बाई कोरड्या पडल्याच होत्या, जीभ सुकलेली, बीपी खाली. तरी त्यांच्या रक्तात, मिठाच्या मानाने, पाणी जास्त होतं. जुलाबात पाणी जातं तसं मीठही जातं. रक्ताचं आकारमान घटलं की शरीर एडीएच हार्मोन सोडून मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतं. वर थायझाइडमुळे पातळ लघवी करायची मूत्रपिंडाची ताकदच कमी झालेली. अशा वेळी नुसतं पाणी पाजलं की ते बाहेर पडत नाही, सोडियम विरळ करत बसतं. पातळ झालेल्या रक्तातून पाणी पेशींमध्ये शिरतं आणि मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते. डब्ल्यूएचओच्या २००२च्या ओआरएसमध्ये लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आणि तेवढंच ग्लुकोज असतं ते उगाच नाही. आतड्यात दोघं एकाच दारातून आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग. त्या पाकिटातलं मीठ हाच तर त्यातला औषधाचा भाग, आणि या घरात तेवढाच टाळला गेला.

अकराच्या आसपास बाईंना फिटचा झटका आला. तीन टक्के सलाईन १०० मिलिलिटर दहा मिनिटांत दिलं. बाराला सोडियम ११४. झटके थांबले, बाई हाकेला ओ द्यायला लागल्या. बाहेरच्याला वाटेल, आता भराभर १४०वर न्यावं. तसं करायचं नसतं. मेंदूच्या पेशी कमी सोडियमशी जुळवून घेतात, एकदम वाढवलं तर मज्जातंतूंचं आवरण झडतं, आणि ते दुखणं काही दिवसांनी उघडं पडतं. पोटॅशियम कमी असलेल्यांना हा धोका जास्त, म्हणून त्यांच्यात २४ तासांत सोडियम आठहून जास्त वाढू द्यायचं नाही. शिवाय पोटॅशियम दिलं की त्यानेही सोडियम चढतं, हे नव्यांना पटकन लक्षात येत नाही.

चारला ११७. साडेसातला १२१. दहा तासांत दहा! आधीच्या आकड्याशी फरक ताडणाऱ्या डेल्टा चेकने आकडा अडवला, मी पुन्हा लावला, तोच आला. सही करायच्या आत फोन केला. सलाईनने रक्ताचं आकारमान भरून आल्यावर एडीएच बंद झालं होतं आणि बाईंना धो धो पातळ लघवी सुरू झाली होती. लघवीची पिशवी तासाभरात दोनदा रिकामी केली, असं सिस्टर म्हणाल्या. त्या दोनदाची नोंद चार्टवर नव्हती. चार्टवर नसलेल्या लघवीचा हिशेब आमच्या आकड्यावरून लावावा लागतो, आणि तो नेहमी उशिरा लागतो.

मग उलटा उपाय. लघवी रोखायला डेस्मोप्रेसिन, आणि शिरेतून पुन्हा तेच पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शेवटी पाणीच. जे पाणी रात्री नडलं, तेच सकाळी औषध म्हणून चढवलं. त्या संध्याकाळी ड्यूटीवर येऊन आधी त्यांचंच नाव उघडलं. ११८. पुढे रोज थोडं थोडं चढत १३३ झालं. थायझाइड बंद करून दुसरी गोळी दिल्याचं रेसिडेंटनी सांगितलं.

शेवटचा रिपोर्ट न्यायला सून काउंटरवर आली होती. कागद उलटसुलट बघून म्हणाली, "मॅडम, मग आता आईंना पाणी द्यायचं की नाही द्यायचं?"

आम्हाला सल्ला द्यायची परवानगी नाही. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारा."

"त्यांनीच सांगितलं होतं, भरपूर पाणी प्या."

कुठल्या डॉक्टरांनी, कधी, कशासाठी, ते मी विचारलं. मागे एकदा किडनी स्टोन झाला होता, तेव्हा सांगितलेलं. मीठ कमी करा, हे बीपीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. तिन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर होत्या, गोळीसकट, आणि त्या घराने एकही मोडली नव्हती. मी तिला तिन्ही चिठ्ठ्या एकत्र घेऊन ओपीडीत जायला सांगितलं. एवढं माझ्या अखत्यारीत बसतं, असं मी धरून चालते.