एक तास काम, पूर्ण हजेरी

बायबलमधल्या मत्तयच्या २०व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, निघाला की आमच्या प्रार्थना ग्रुपमध्ये वाद ठरलेला. मालक पहाटे माणसं कामाला लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला पण, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दीनार. त्यात वाटप सुरू कुणापासून, तर शेवटी आलेल्यांपासून, म्हणजे दिवसभर उन्हात राबलेल्यांनी उभं राहून ते बघायचं! कोणीतरी लगेच म्हणतंच, ही देवाची दया आहे, इथे न्याय शोधू नका.

मला हे पटत नाही. कोपरखैरण्यात सकाळी नाका कामगार उभे असतात ना, गवंडी, बिगारी, पेंटर, तिथे थोडा वेळ थांबून बघा. तरणी पोरं पटापट टेम्पोत बसून जातात, उशिरापर्यंत उरतात ते वयस्कर, आजारी, नाहीतर गावाकडून नवीन आलेले ज्यांची कुठल्याच मुकादमाशी ओळख नाही. दाखल्यातला मालक पण पाच वाजता विचारतो की दिवसभर रिकामे का उभे आहात, तर उत्तर एकच, आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची रोजी, आणि घरी चूल काय अर्ध्या हजेरीवर अर्धीच पेटते? मग पूर्ण हजेरी देणं ही नुसती दया कशी, मला तरी त्यात न्यायच जास्त दिसतो.

७व्या शतकातला निनवेचा इसहाक, सीरियन परंपरेतला साधू, तो तर हाच दाखला घेऊन म्हणतो की देवाला न्यायी म्हणूच नका. उलट बाजूला अन्सेल्म, १०९८ च्या आसपासचा ख्रिस्ती धर्मपंडित, त्याच्या मते पाप म्हणजे माणसाने देवाला द्यायचं थकलेलं देणं, ते तसंच सोडून देता येत नाही, माणसाला ते फेडायची ऐपत नाही म्हणून ख्रिस्ताने फेडलं. गुड फ्रायडेला हेच ऐकायला मिळतं.

पण या दोघांच्या मध्ये माझा प्रश्न लटकतो, ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? आमच्या नात्यातल्या एकांचे फ्लॅटचे पैसे बिल्डरने बुडवले (नाव नको), त्यांना सांगायचं का की देवाने त्याला माफ केलं, तुम्ही पण शांत व्हा? म्हणून मला बायबलमधल्याच लूकच्या १९व्या अध्यायातला जकातदार जक्कय आवडतो. येशू आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवतो, कसलीही अट न घालता, आणि मग जक्कय स्वतःच उठून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत.

ग्रुपमधले एक काका म्हणतात, त्याने दमडी परत केली नसती तरी येशू तिथे राहिला असता. राहिला असता, मान्य. पण मग ‘आज या घराला तारण (म्हणजे उद्धार) मिळालं’ असं जे तो पुढे म्हणतो, ते म्हणाला असता का? मला नाही वाटत.