साडी उन्हात नेऊन बघा

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, रुबिया, ब्लाउजपीस. एकोणीस वर्षं मी काउंटरवर उभी आहे आणि रोज निदान दहा जणींना सांगते, "ताई, पायरीवर जा, उन्हात बघून या." ट्यूबलाइटखाली चिंतामणी आणि मोरपंखी यांत हमखास फसायला होतं.

पण ऊनही वेळेचं हवं. गेल्या लग्नसराईत एक काकू मोतिया पैठणी घेऊन उन्हं उतरताना आल्या. समोरच्या दोन इमारतींमधून तिरपं ऊन पायरीवर येत होतं. त्यात मी काढलेलं अस्तर साडीशी असं मिळालं की दोन्ही एकाच ताग्यातली वाटावीत. दुसऱ्या दिवशी अकराला काकू परत हजर. अस्तर पांढरंफटक होतं! लगेच बदलून दिलं, पण मनाला लागून राहिलं. तीच पायरी, तोच सूर्य, मग रंग कसा बदलला?

मुलगी अकरावीला आहे. रात्री तिने काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, चमच्याने दुधाचे चार-पाच थेंब टाकले, घरातले दिवे घालवले आणि मोबाइलचा टॉर्च पेल्याला लावला. "आई, बाजूने बघ." पाण्यात फिकट निळसर झाक होती. "आता समोरून." तोच पांढरा टॉर्च पिवळट दिसत होता. आणखी थेंब टाकले, तसा तो नारिंगी झाला.

हवेचंही असंच. सूर्याचा उजेड मुळात पांढरा, सगळे रंग एकत्र विणलेला. हवेचे रेणू त्यातला निळा धागा सर्वात जास्त उसवतात. लाल रंगाच्या साधारण चौपट. १८७१ साली जॉन स्ट्रट यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड रॅले यांनी, हे गणित मांडलं. उसवलेला निळा आभाळभर पसरतो आणि सूर्याकडून सरळ येणाऱ्या उजेडात तेवढा कमी पडतो. डोक्यावरच्या सूर्याचा उजेड जेवढी हवा ओलांडतो, त्याच्या जवळजवळ ३८ पट हवा त्याला क्षितिजावरून येताना ओलांडावी लागते. निळा जातो, मग हिरवाही बराचसा जातो, उरतो नारिंगी-लाल. माझ्या पायरीवर त्या संध्याकाळी निळा पुरेसा पोचलाच नव्हता, मग पांढरा आणि मोतिया वेगळे दिसणार कसे?

अंतराळातून सूर्य पांढराच दिसतो. आपण त्याला पिवळा म्हणतो, कारण माझ्या मते आपली नजर त्याच्याकडे जाते ती उगवतीला नाहीतर मावळतीला. माध्यान्हीला त्याच्याकडे बघवत नाही, बघूही नये. पण तेव्हा त्याच्या उजेडात धरलेलं कापड खरं बोलतं. आमच्या सासऱ्यांना रॅले माहीत नव्हते, तरी पांढऱ्याच्या सगळ्या छटा ते दुपारीच लावायचे.

आता साडेपाचनंतर मी मोतिया, हाफव्हाइट, लिंबू कलर जुळवून देत नाही. साडी ठेवून जा म्हणते. काल एक ताई अबोली काठाची ठेवून गेल्यात. आज बाराला पायरीवर काढते.