सरसाखालची चीर

टक्.

कप्पीवरून दोरी ओढताना आवाज आला आणि मी हात जागच्या जागी थांबवला. भिंतीवरच्या खुंटीला टांगलेलं धनुष्य जेमतेम 14 इंच ओढलं होतं. जानेवारीतली गोष्ट, पण अजून डोक्यातून जात नाही.

आमचं मालवणच्या बाजूला सुतारकाम. चौकटी, देव्हारे, कधीतरी पालखी. धनुष्य हा माझा नाद, त्यावर घर चालत नाही. पुण्याच्या एका हौशी माणसाला 54 इंची, पाठीवर जनावराच्या शिरा (स्नायू हाडाला बांधणारे चिवट पट्टे) चिकटवलेलं धनुष्य हवं होतं. 'एकदम ओरिजिनल करा' असं सांगून त्याच दमात त्यांनी विचारलं, जुलैत कुरिअरने पाठवाल का! कोकणातल्या जुलैत आमच्या घरातलं मीठसुद्धा वाहतं.

लाकूड धामणीचं. चिवट, वाकतं, म्हणून कोयत्या-कुऱ्हाडींच्या दांड्यांनाही चालतं. वखारवाल्याने 'वाळलेलं आहे' म्हणून दिलं. त्यांच्या भाषेत वाळलेलं म्हणजे पाणी ठिबकत नाही एवढंच. मी दीड महिना सावलीत ठेवलं, तरी घाई झालीच.

आवाजानंतर दोरी उतरवली, उजेडात नेलं. धनुष्याच्या वरच्या हातावर, म्हणजे मुठीच्या वरच्या वाकणाऱ्या भागावर, मुठीपासून वीतभर वर, चार बोटं लांब चीर. नुसती लाकडाच्या रेषेला धरून गेली असती तर फारशी काळजी नव्हती, वाळताना तशा भेगा पडतातच आणि त्या निमूट राहतात. ही मात्र शेवटी तिरकी होऊन कडेकडे निघाली होती. पुढच्या ओढीला तिथून सालपट उठलं असतं आणि धनुष्याचा हात मोडला असता. आणि खरं सांगायचं तर रंधा मारताना तिथे केसासारखी रेघ मला दिसली होती. रंध्याचा ओरखडा असेल म्हणून मी पुढे गेलो.

बाबा ओसरीवरून उठून आले. बघितलं. म्हणाले, "मोडूचा आसात तर हयच मोडूदे, गिऱ्हायकाच्या हातात नको." आणि परत जाऊन बसले.

मी मोडलं नाही.

सरस, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा डिंक, तापत ठेवला, गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून. थेट आचेवर सरस ठेवणाऱ्याला मी कामावर घेत नाही. 60 अंशांच्या वर गेला की त्याची पकड सुटते. बोट बुडवून सहन होईल इतकाच गरम हवा, आणि भेगेत शिरायचा तर पातळ. लाकूड गार असेल तर तो वाटेतच थिजतो, म्हणून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला (त्यावर काय ऐकलं ते सोडा). लाकूड कोमट झाल्यावर चिरेवर सरस ओतला आणि धनुष्याचा हात अगदी हळू वाकवला. चीर किंचित उघडते, सरस आत ओढून घेते. सोडला की मिटते, बुडबुडे येतात. पुन्हा वाकवायचा, पुन्हा ओतायचा. बुडबुडे थांबेपर्यंत बारा-पंधरा वेळा केलं. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि आठ दिवस हात लावला नाही.

मित्र म्हणाला, प्लायवूडचा डिंक भर, कोण बघतंय! पण वर शिरा बसवायच्या होत्या. शीर आणि सरस एकाच जातीचे, दोघंही वाळताना आकसतात आणि धनुष्याला उलट्या बाजूने खेचून धरतात. प्लायवूडच्या डिंकाला ते जमत नाही.

शिरा म्हशीच्या पायातल्या. खाटकाला वाटलं, मी सूप करतो. वाळवून दगडावर ठोकल्या की काथ्यासारखे तंतू सुटतात. ते भिजवायचे, पिळायचे, सरसात बुडवून एकेक पेंडी पाठीवर फणीने बसवायची. मांजराने एक पेंडी पळवली, त्या रात्री दार बंद करून काम केलं. दोन थर दिले. चिरेवर वेगळा वेढा घेतला, वाळताना तो आपोआप आवळतो. मग दोन महिने वाट.

एप्रिलमध्ये दोरी चढवली, 26 इंच ओढलं. काही झालं नाही. धनुष्य सुंदर झालंय, हे मीच म्हणतो.

गिऱ्हाइकाला फोन करून सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले.
"चीर दिसते का?"
"नाही, शिरांखाली गेली."
"मग मला सांगितलंत कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाबांना सांगितलं, ते फक्त हसले.

पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय. सरस दमट हवेत मऊ पडतो, म्हणून धनुष्य चुलीवरच्या माळ्यावर टांगलंय. पैसे आलेत, दिवाळीनंतर पाठवायचं ठरलंय. काल रात्री दोरी उतरवताना पुन्हा एकदा बारीकसा आवाज आला. सरसाचा असेल, वाळताना तो कुठे कुठे तडकतो. आज सकाळी दोरी चढवली, अंगठा चिरेच्या जागेवर ठेवून बराच वेळ उभा राहिलो. ओढलं मात्र नाही.